वगळलेली बावीस मिनिटं

कारखान्यात त्यांना सगळे काटेकोर म्हणत. तोंडावर साहेब, पाठ वळली की काटेकोर; आणि म्हणताना जोर 'काट्या'वर असायचा. एकतीस वर्षं त्यांचं काम एकच होतं. हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभं राहायचं आणि एका नगाला किती वेळ लागतो ते लिहायचं. पाणी प्यायला गेलेला वेळ, हत्यार शोधण्यात गेलेला वेळ, शेजारच्याशी दोन शब्द बोलण्यात गेलेला वेळ वेगळ्या रकान्यात जायचा. त्या रकान्यावर लिहिलेलं असे: 'वगळावे'. वगळून जे उरेल त्यावर त्या कामाचा दर ठरे.

त्यांनी कधी कोणाकडून चहासुद्धा घेतला नाही. बायकोचा सख्खा भाऊ त्याच कारखान्यात लेथवर होता. त्याच्याही मागे ते तसेच उभे राहिले आणि त्याचाही दर तसाच खाली आला. तो मेहुणा पुन्हा त्यांच्या घरी जेवायला आला नाही. काटेकोरांना त्याचं वाईट वाटलं, पण आपण चुकलो असं वाटलं नाही. घड्याळाला भाऊबंद नसतात, असं ते म्हणायचे.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. गाडी अकरा वर्षांची होती, लहानशी. बायकोच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून आठवड्यातून दोनदा तिला व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागे, एवढाच गाडीचा उपयोग. एके दिवशी चढावर गाडी नुसती गुरगुरायला लागली, पुढे जाईना. क्लच गेला होता. जवळच्या मोठ्या गॅरेजमध्ये त्यांनी ती सकाळी सव्वानऊला दिली, दुपारी दोनला तयार असल्याचा फोन आला. बिल हातात घेतल्यावर त्यांची नजर एका ओळीवर अडकली. मजुरी, साडेसहा तास.

गॅरेजचा मालक चाळिशीचा होता, वडिलांच्या मागे धंदा सांभाळणारा. काचेच्या केबिनमध्ये बसायचा, शर्टाला कधी डाग नसायचा. काटेकोरांनी त्याला हिशेब करून दाखवला: सव्वानऊ ते दोन, मधे जेवणाची सुट्टी, त्यात साडेसहा तास कुठून आले? मालक चिडला नाही. त्याने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि समजावलं, की गाडी बनवणारी कंपनीच प्रत्येक कामाचे तास ठरवून देते. आज काम कमी होतं, म्हणून दोघांनी मिळून तुमचं काम लवकर काढलं. उद्या मिस्त्रीला आठ तास लागले तर मी तुमच्याकडून आठचे घेईन का? नाही घेणार.

उत्तर बिनतोड होतं आणि म्हणूनच काटेकोरांना जास्त लागलं. त्यांनी पैसे दिले, पण घास घशात अडकावा तसं ते बिल त्यांच्यात अडकून राहिलं. रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांनी ते बायकोला तीनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, शिंप्याकडे कपडे टाकतो तेव्हा तो किती वेळ शिवत बसला होता ते विचारता का? ते म्हणाले, शिंपी बिलावर तास लिहीत नाही. ज्याने तास लिहिले त्याने ते दाखवायला हवेत.

तीन आठवड्यांत क्लच पुन्हा सुटायला लागला. आतलं एक सील गळत होतं आणि तेल नव्या प्लेटवर उतरलं होतं. मालक म्हणाला, प्लेट आम्ही फुकट बदलून देतो, पण सील आमच्या कामात नव्हतं, मजुरी पुन्हा पडेल. काटेकोर तयारच होते. ते म्हणाले, मी इथे बसतो, वेळ मोजतो, आणि जेवढे तास भरतील तेवढेच देईन. मालकाला गंमत वाटली. बसा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टूल, कागद आणि स्टॉपवॉच घेऊन गाडीशेजारी बसले.

काम ज्याच्याकडे आलं तो मिस्त्री पन्नाशी ओलांडलेला, हडकुळा माणूस होता. मालकाच्या वडिलांच्या काळापासून सव्वीस वर्षं तिथेच. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली गेलेला. त्याने स्टुलाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाला, "काका, फक्त उजेड अडवू नका."

गाडी लिफ्टवर चढली. मिस्त्री तिच्याखाली उभा राहून हात वर करून काम करायचा. थोड्या थोड्या वेळाने उजवा हात खाली सोडून, झटकून, बोटं उघडमीट करून पुन्हा वर न्यायचा. काटेकोर ते लिहीत होते: विश्रांती, दर वेळी तीन मिनिटं. चौदा नंबरचा पाना कोणीतरी नेला होता, तो शोधण्यात सात मिनिटं. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने गाडीचा आवाज ऐकायला बोलावलं, त्यात सव्वीस. चहा, अकरा. माणूस कामाला चांगला होता हे काटेकोरांच्या लगेच लक्षात आलं. एकही बोल्ट दुसऱ्या हाताने चाचपल्याशिवाय तो पुढे जात नव्हता. सुटलेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागेच्या क्रमाने पत्र्यावर मांडत होता. असा हात कारखान्यातही त्यांनी फार पाहिला नव्हता, आणि पाहून त्यांना बरं वाटलं.

गिअरबॉक्सचे दोन बोल्ट राहिले तेव्हा मिस्त्री थांबला. बाहेर जाऊन टायरवाल्याला हाक मारून आला आणि एका उलट्या डब्यावर बसला. टायरवाला म्हणजे रस्त्यापलीकडच्या छपरीत टायर बदलणारा, त्याच गॅरेजचा धिप्पाड माणूस. त्याच्याकडे एक चाक उघडं पडलं होतं.

काटेकोरांनी विचारलं, की याची वाट कशाला बघायची. मिस्त्री म्हणाला, पस्तीस किलोचं धूड आहे, एकाने खालून धरायचं आणि दुसऱ्याने शेवटचा बोल्ट काढायचा. मग टायरवाला येईपर्यंत दोघं गप्प बसून राहिले. बावीस मिनिटं गेली. काटेकोरांनी ती नेमकी लिहिली आणि 'वगळावे'च्या रकान्यात टाकली. त्यांच्या शास्त्रात त्याला व्यवस्थेचा दोष म्हणत. कामगाराचा दोष नाही, पण गिऱ्हाइकाने त्याचे पैसे का द्यावेत?

संध्याकाळी काम पुरं झालं तेव्हा सकाळपासून सहा तास वीस मिनिटं झाली होती. जेवणाची सुट्टी आणि वगळलेलं सगळं काढल्यावर उरले तीन तास पन्नास मिनिटं. काटेकोरांनी कागद मालकापुढे ठेवला. मालक हसत वाचायला लागला आणि वाचता वाचता त्याचं हसू गेलं. त्याने प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. तीन तास पन्नास मिनिटांचेच पैसे घेतले आणि विचारलं, या कागदाची एक प्रत मिळेल का?

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. आमच्याकडची सगळी कामं अशीच मोजून द्याल का, मानधन देईन, म्हणाला. "काका, यातून सगळ्यांना न्याय मिळेल." सगळ्यांना म्हणजे कोणाकोणाला हे काटेकोरांनी विचारलं नाही. चार वर्षं त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. वाचून झालेलं वर्तमानपत्र दुपारी पुन्हा वाचायचं, भाजी आणायची, दवाखान्याच्या बाकावर बसून राहायचं. बायको म्हणाली, "एकतीस वर्षांत हौस फिटली नाही का?" ते म्हणाले, लोकांना बरोबर बिल लागेल, चांगलं काम आहे.

दोन महिने ते रोज गेले. गॅरेजमध्ये सहा मिस्त्री होते. काटेकोर आले की बोलणं थांबायचं, पण त्याची त्यांना सवय होती. एकटा तो हडकुळा मिस्त्री त्यांच्याशी बोलायचा. एकदा चहा पिताना त्याने विचारलं, "काका, हे कागद नक्की कशासाठी चाललेत?"

"गिऱ्हाइकाला बरोबर बिल लागावं म्हणून."

"आणि आम्हाला?"

"तुम्हालाही बरोबरच मिळेल."

मिस्त्रीने कप खाली ठेवला. "बरोबर या शब्दाची मला जरा भीतीच वाटते," तो म्हणाला आणि कामाला गेला.

तक्ता तयार झाला. सत्तावीस कामं, प्रत्येकासमोर तास-मिनिटं, खाली काटेकोरांची सही. मालकाने तो प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावला. क्लच: तीन तास पन्नास मिनिटं. पुढच्या महिन्यापासून मिस्त्र्यांचा ठरलेला पगार बंद झाला आणि तक्त्याप्रमाणे कामावर पैसे मिळू लागले. काटेकोरांना हे माहीतच नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. एकदा गॅरेजवरून जाताना त्यांनी पाहिलं, की मिस्त्री उभ्या उभ्या डबा खातायत, एका हातात चपाती आणि दुसऱ्या हातात पाना. कामाला वेग आला आहे, असं त्यांच्या मनात आलं. एवढंच आलं.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास जे घडलं तेव्हा ते बायकोला घेऊन दवाखान्यात होते. त्यांना ते कळलं तिसऱ्या दिवशी, चाकात हवा भरायला थांबले तेव्हा. टायरवाल्याने नळी चाकाला लावली आणि त्यांच्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली.

मिस्त्रीकडे क्लचचं काम आलं होतं. दोन बोल्ट राहिले तेव्हा त्याने हाक मारली. टायरवाल्याकडे दोन गाड्या उभ्या होत्या, आता त्यालाही नगावर पैसे मिळत होते. दहा मिनिटं थांब, आलोच, असं तो म्हणाला. मिस्त्रीने आतूनच सांगितलं, दहा मिनिटं माझ्याकडे नाहीत. मग त्याने गिअरबॉक्स डाव्या खांद्यावर तोलला आणि उजव्या हाताने शेवटचा बोल्ट काढला. धूड एका अंगाला कललं. ते सावरायला त्याने उजवा हात घातला आणि हात गिअरबॉक्स आणि लिफ्टच्या लोखंडी खांबामध्ये सापडला. दोन बोटं जागेवरच गेली. मधलं वाचलं, पण ते वाकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"ओरडलासुद्धा नाही," टायरवाला म्हणाला. "मला वाटलं काहीतरी पडलं. मी चाक बसवलं आणि मग गेलो." नळी काढताना तो आणखी एक वाक्य बोलला. त्या गाडीचं काम दुसऱ्याने पुरं केलं आणि गिऱ्हाइकाला बिल गेलं साडेसहा तासांचं.

काटेकोरांनी गाडी तिथेच सोडली आणि रस्ता ओलांडून केबिनमध्ये गेले. मालकाने त्यांना खुर्ची दिली. झालं ते फार वाईट झालं, म्हणाला. दवाखान्याचा पहिला खर्च आपण केल्याचंही सांगितलं. बिलाचं विचारल्यावर मात्र त्याने काही लपवलं नाही. गिऱ्हाइकाचे तास कंपनी ठरवते, तुमचा तक्ता आतल्या कामासाठी आहे. काटेकोर म्हणाले, तुम्ही मला न्याय म्हणाला होता.

"आणि मी तो करायला तुम्हालाच बसवलं, काका. दुसऱ्या माणसाची वाट बघायचा वेळ तुम्ही काढून टाकलात. मी मिस्त्री नाही, मला काय कळतंय? खाली सही कोणाची आहे?"

घरी येऊन त्यांनी कपाटातून मूळ कागद काढले. पहिल्याच कागदावर ती ओळ होती. दुसऱ्या माणसाची वाट, बावीस मिनिटं. अक्षर सुंदर होतं, त्यांचं नेहमीचं. जेवायला ते उठले नाहीत. बायको काठी टेकत आली, त्यांच्या शेजारी बसली. त्यांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझा भाऊ तेव्हा हेच सांगत होता. तुम्ही म्हणालात तो आळशी आहे."

पाच-सहा दिवस ते धीर गोळा करत राहिले. मग पत्ता काढून मिस्त्रीच्या घरी गेले. एका दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या, जिना अरुंद. मिस्त्री खाटेवर बसून डाव्या हाताने शर्टाचं बटण लावायचा प्रयत्न करत होता. उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा मांडीवर होता. त्याची बायको एका शाळेत साफसफाईला जायची, नुकतीच आली होती. तिने पाणी दिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ती नवऱ्याचं बटण लावायला पुढे झाली नाही. त्याचं त्यालाच लावू द्यायचं असं दोघांत ठरलेलं दिसत होतं.

काटेकोरांनी येताना बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. ते म्हणाले, "ती बावीस मिनिटं मी काढली."

"माहितीये. तक्ता लागला तेव्हाच बघितलं."

"मग मला बोलला का नाहीत?"

मिस्त्री बटणाशी झटत राहिला. "त्या दिवशी आपण दोघं शेजारी बसलो होतो ना वाट बघत. कशाला वाट बघायची ते मी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही ऐकलंत आणि लिहिलंत. त्यापुढे काय बोलायचं असतं?"

काटेकोरांनी खिशातून एक पाकीट काढून खाटेवर ठेवलं. मालकाकडून मिळालेलं सगळं मानधन त्यात होतं. मिस्त्रीने ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. त्याच्या बायकोने मात्र ते उचललं, उघडून पाहिलं आणि फळीवर ठेवलं. तिने नको म्हटलं नाही, आभारही मानले नाहीत. मग ती पहिल्यांदाच बोलली. मालक म्हणतो, की दोघांनी उचलायचं अशी पाटी भिंतीवर आहे, ती यांनी पाळली नाही, म्हणजे चूक यांची. भरपाई द्यायची नाही म्हणतो.

"तुम्ही आत्ता जे बोललात ते लिहून द्या," ती म्हणाली. "सही करून. तुमच्या सहीला तिथे किंमत आहे."

त्यांनी तिथेच बसून लिहून दिलं.

कामगार कार्यालयातल्या सुनावणीला चार महिने लागले. दोन तारखा वकील आला नाही म्हणून गेल्या. तिसऱ्या तारखेला दुपारी सगळे त्या लांबट खोलीत बसले. अधिकारी बाई थकलेल्या दिसत होत्या, पण फाइल वाचून आल्या होत्या. मालकाचा वकील तरुण आणि अगदी नम्र होता. त्याने काटेकोरांना विचारलं, की हे काम एकट्याने करा असं तुम्ही कधी सांगितलं होतं का. नाही. तक्त्यात तसं लिहिलं आहे का? नाही. मग अपघाताचा आणि तक्त्याचा संबंध काय?

काटेकोर म्हणाले, की तीन तास पन्नास मिनिटांत दुसरा माणूस बसत नाही. तो मी काढून टाकला होता.

"म्हणजे तुमचा तक्ता चुकीचा आहे?"

"हो."

वकिलाने कागद उलटला. "आपण एकतीस वर्षं कारखान्यात असेच तक्ते केलेत. याच पद्धतीने?"

खोलीत पंख्याचा आवाज होता. काटेकोरांनी समोरच्या टेबलाची कड धरली. एकतीस वर्षांतले चेहरे त्यांना आठवले असतील असं कोणाला वाटेल. पण त्यांना चेहरे आठवेनात. ते नेहमी मागे उभे असत, त्यांना पाठी आठवल्या. घामाने भिजलेल्या, एका बाजूला झुकलेल्या, ते आल्यावर ताठ होणाऱ्या पाठी.

"हो," ते म्हणाले. "याच पद्धतीने."

वकील समाधानाने खाली बसला. साक्षीदाराने स्वतःलाच खोडून काढलं होतं. अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं आणि काटेकोरांना विचारलं, की मग तुमच्या मते या कामाला योग्य वेळ किती? ते म्हणाले, मला सांगता येणार नाही, त्यांना विचारा. बाईंनी मिस्त्रीकडे पाहिलं.

मिस्त्री उभा राहिला. उजवा हात त्याने पाठीमागे धरला होता. "साडेसहा तास," तो म्हणाला. "दोघं धरून. मधे एकदा-दोनदा हात खाली सोडायला धरून. कंपनीने लिहिलंय ते बरोबर लिहिलंय, बाई. गिऱ्हाईक देतंय तेही बरोबर देतंय. आमच्यापर्यंत ते येत नाही, एवढंच."

बाईंनी ते लिहून घेतलं. मालक मोबाइलमध्ये बघत होता.

निकाल महिन्याभराने आला. चूक दोघांची, असं त्यात म्हटलं होतं. मालकाने आवश्यक ती काळजी घेतली नाही आणि कामगाराने लेखी सूचना पाळली नाही. त्यामुळे भरपाई निम्मी. ती दवाखान्याच्या खर्चात गेली आणि वर थोडं देणं उरलं. कामावर परत घ्यावं असं काही त्या कागदात नव्हतं, आणि उजव्या हाताची दोनच बोटं वळणाऱ्या मिस्त्रीला दुसऱ्या कुठल्या गॅरेजने उभं केलं नाही. पुढे त्याला एका इमारतीच्या वाहनतळावर फाटकाशी पावत्या द्यायचं काम मिळालं. गाड्या आत यायच्या, बाहेर जायच्या. गॅरेजमध्ये तक्ता तसाच राहिला, फक्त खालची सही काढून नव्याने छापून घेतला. काटेकोरांनी मालकाला दोन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर आलं, की तुमची सही काढली आहे, आता तुमचा संबंध नाही. दुसऱ्याला आलं नाही.

निकालाच्या दिवशी कागद घेऊन तिघं कार्यालयाबाहेर पडले, तेव्हा काटेकोरांनी दोघांना घरी सोडतो म्हटलं. मिस्त्रीची बायको नको म्हणाली. पण बसला गर्दी होती आणि मिस्त्रीला वरचा दांडा धरता येत नव्हता, म्हणून शेवटी बसली. चौकात गाडी वळताना मिस्त्रीने मान जरा तिरकी केली.

"पुढचं डावं बेअरिंग बोलतंय," तो म्हणाला. "करून घ्या. रस्त्यात चाक अडकलं तर जिवावर बेतेल."

"कोणाकडे करू?"

त्याने एका लहान गॅरेजचा पत्ता सांगितला. मग घर आलं आणि दोघं उतरली. बायको मागे न बघता जिना चढून गेली.

त्या आठवड्यात काटेकोर तिकडे गेले. रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड होती. एक मालक आणि एक मिस्त्री, दोघेही कामात. त्यांना आत बसायला खुर्ची दिली, पण ते बाहेर पायरीवर बसले. हात रिकामे होते आणि त्यांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. आत हातोडीचे ठोके पडत होते, थांबत होते, पुन्हा पडत होते. थांबले की त्यांच्या मनात आपोआप मोजणं सुरू व्हायचं. एक, दोन, तीन. ते उठून रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आले.

दुपारी बिल मिळालं. मजुरी, तीन तास. त्यांनी पैसे मोजून दिले आणि उभेच राहिले. यातले त्या माणसाच्या हातात किती पडतात, हे त्यांना मालकाला विचारायचं होतं. मालक वाट बघत राहिला, मग म्हणाला, काही राहिलं का, आजोबा?

त्यांनी आत पाहिलं. मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली सरकला होता. त्याचे फक्त पाय दिसत होते. काटेकोर न विचारताच गाडीत बसले. बायकोच्या व्यायामाची वेळ होऊन गेली होती.